आजच्या खासगी लांब पल्ल्याच्या गाड्यांचं मॉडेल: एचओ, टीटी की एन?

रूळवेडा

मंडळी नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय, आता विचारूनच टाकतो. आजवर मी मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमध्ये (खऱ्याच्या १/८७ मापात) जुन्या काळातल्या गाड्याच केल्या, वाफेची इंजिनं, छोटे डबे, ब्रँच लाइनचं स्टेशन वगैरे. आता मला आजची गाडी करायचीय आणि तीही सरकारी रेल्वेची नको, खासगी कंपनीची लांब पल्ल्याची. म्हणजे जर्मनीतली हिरवीगार फ्लिक्सट्रेन, चेक लोकांची पिवळी रेजिओजेट, काळी-सोनेरी लिओ एक्सप्रेस, ऑस्ट्रियाची वेस्टबान, या सगळ्या. ते रंग बघितले की हात शिवशिवतात.

अडचण जागेची आहे. टेबल २.६ मीटर लांब आणि ९० सेंमी रुंद आहे, त्याच्यापेक्षा इंचभरही वाढणार नाही. दोन्ही टोकांना गाडी वळून यायला हवी, कारण मला गाडी पळताना बघायची आहे, शोकेसमध्ये ठेवायची नाहीये. एचओचे ३६० मिमी रेडियसचे जुने कर्व्ह पडून आहेत माझ्याकडे. ते वापरावेत, की सगळं बाजूला ठेवून टीटी किंवा एन या त्याहून लहान स्केलमध्ये नव्याने सुरुवात करावी? आणि या गाड्या रंगवलेल्या तयार मिळाल्या तरच घ्यायच्या, की साधा डबा घेऊन स्वतः रंगवणं जमण्यासारखं आहे? एअरब्रश आहे, हात बऱ्यापैकी बसलेला आहे, पण डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं-चिन्हं) फारशी लावलेली नाहीत.

एकशेसाठ

स्वागत आहे आजच्या जमान्यात! माझं हँडल बघूनच कळलं असेल मी कुठल्या बाजूचा आहे, पण आधी आकडे बघू मग वाद घालू.

युरोपातला लांब पल्ल्याचा नेहमीचा डबा २६.४ मीटरचा असतो. एचओत, म्हणजे १:८७ ला, तो ३०.३ सेंमी होतो, टीटीत १:१२० ला २२ सेंमी, एनमध्ये १:१६० ला साडेसोळा सेंमी. झेडमध्ये १:२२० ला १२ सेंमीच. इंजिन सीमेन्सचं व्हेक्ट्रॉन धरू कारण आजच्या खासगी गाड्यांपुढे तेच सगळ्यात जास्त दिसतं, ते १८.९८ मीटर, म्हणजे एचओत जवळपास २२ सेंमी, टीटीत १६, एनमध्ये १२.

आता तुमचं टेबल. २.६ मीटरमधून दोन्ही बाजूंची वळणं वजा केली की सरळ भाग साधारण १.७ मीटर उरतो, त्यात पॉइंट्स (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) बसवले की प्लॅटफॉर्म १.४ ते १.५ मीटरचा. या प्लॅटफॉर्मला एचओत इंजिन अधिक ४ डबे लागतात, टीटीत इंजिन अधिक ६, आणि एनमध्ये इंजिन अधिक ८. लांबी तिघांचीही तीच, १.४३ ते १.४८ मीटर. गाडी मात्र एकात लोकलसारखी दिसते आणि दुसऱ्यात खरोखर लांब पल्ल्याची वाटते. आठ डब्यांची खरी गाडी इंजिनासकट २३० मीटर भरते, ती एचओत पूर्ण करायची तर २.६५ मीटर, म्हणजे तुमचं अख्खं टेबल आणि वर थोडं.

आता कर्व्ह, कारण खरी गोम तिथेच आहे. ३६० मिमीवर तीस सेंमीचा डबा धावतो, नाही असं नाही, बऱ्याच कंपन्या तसं लिहूनही देतात. पण या डब्याच्या दोन बोगींमधलं अंतर खऱ्यात १९ मीटर असतं (बोगी म्हणजे इथे डबा नाही हं, खालची चाकांची जोडगाडी), एचओत २१८ मिमी. ३६० च्या वळणावर डब्याचं पोट रुळाच्या मध्यरेषेपासून साधारण १७ मिमी आत येतं. डब्याची पूर्ण रुंदी ३२ मिमी. म्हणजे मधोमध अर्ध्याहून जास्त डबा रुळाबाहेर लटकतोय! मी स्वतः वळणावर डोळे रुळाच्या लेव्हलला आणून बघितलंय, दोन डब्यांचे कोपरे एकमेकांपासून इतके फाकतात की मधल्या फटीतून पलीकडची भिंत दिसते. गाडी कितीही सुंदर रंगवा, त्या क्षणी ती खेळणं होऊन जाते. तुमच्या ९० सेंमी रुंदीत एनचा ३८ सेंमी रेडियस आरामात बसतो आणि तिथे डबा साडेचार मिमीच्या आसपास आत येतो, एचओच्या हिशोबात साडेआठ मिमी. निम्मा फरक.

शिट्टी

एकशेसाठ यांचे आकडे बरोबर आहेत, पण आकड्यांनी सगळं ठरत नाही असं माझं ठाम मत आहे. मी तिन्ही स्केलमध्ये थोडंथोडं काम केलंय आणि रंगवण्याच्या बाजूने बोलते.

खासगी गाड्यांची मजाच ही की त्या बहुतेक वेळा जुन्या डब्यांना नवा रंग मारून चालतात. फ्लिक्सट्रेनने २०२० पासून जे एकसारखे हिरवे डबे आणले ते मुळात जर्मन रेल्वेचे जुने इंटररेजिओ डबे, आखेनच्या टाल्बोट सर्व्हिसेसने आतून-बाहेरून नवे करून दिलेले. रेजिओजेटचे पहिले बरेच डबे ऑस्ट्रियन रेल्वेकडून घेतलेले जुने, नंतर रोमानियात बांधलेले नवे त्यात मिसळले. म्हणजे मॉडेलवाल्यासाठी सोन्यासारखी गोष्ट, कारण इंटररेजिओचे डबे एचओ आणि एन दोन्हीत वर्षानुवर्षं निघत आलेत. वापरलेले उचलायचे, जुना रंग उतरवायचा, आणि कामाला लागायचं. व्हेक्ट्रॉन तर सगळीकडे आहे, एचओत रोको, पिको, मेर्कलिन, टीटीत पिको, एनमध्ये फ्लाइशमन आणि हॉबीट्रेन या कंपन्यांचं. पण डबा घेण्याआधी खिडक्या मोजा आणि छत बघा, नूतनीकरणात काय बदललं ते फोटोवरून एकेक करून टिपून ठेवा. फ्लिक्सट्रेनला एकच वर्ग आहे त्यामुळे खिडक्यांच्या वर फर्स्ट क्लासचा पिवळा पट्टा येत नाही, हे विसरलेली मॉडेलं मी पाहिलीत आणि लगेच खुपतात.

आता रंग. फ्लिक्सचा हिरवा आणि रेजिओजेटचा पिवळा, दोन्ही चकचकीत आणि दोन्ही झाकणारे नाहीत. खालचा रंग वर येतोच. माझा पहिला पिवळा डबा मी राखाडी प्रायमरवर रंगवला, चार हात मारले तरी तो कच्च्या कैरीसारखा हिरवट दिसत राहिला, आणि चार थरांमुळे दाराच्या कडा आणि छोट्या जाळ्या बुजून गेल्या. सगळं धुऊन परत करावं लागलं. दुसऱ्या खेपेला आधी पांढरा प्रायमर, त्यावर अगदी हलका गुलाबी, मग पिवळ्याचे दोन पातळ हात, आणि काम झालं. गुलाबीने पिवळ्याला ऊब येते, ही युक्ती जरूर करून बघा. हिरव्याखाली नुसता पांढरा पुरतो. आणि स्केल जितकं लहान तितका रंग किंचित फिका घ्या, एनमध्ये खऱ्या गाडीचा तोच रंग जसाच्या तसा मारला तर डबा गडद आणि जड वाटतो.

डिकॅलमध्ये खरी परीक्षा पांढऱ्या अक्षरांची आहे. हिरव्यावर पांढरं नाव. घरचा लेझर किंवा इंकजेट प्रिंटर पांढरा छापतच नाही, त्यामुळे ती डिकॅल पांढऱ्या शाईने छापून देणाऱ्याकडूनच घ्यायला लागतात. लावताना मॅट रंगावर थेट लावू नका. आधी चकचकीत वार्निश, पूर्ण सुकू द्या, मग डिकॅल, वरून मऊ करणारं सोल्युशन, आणि शेवटी सॅटिन वार्निश. मॅटवर लावलं की डिकॅलखाली बारीक हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी झाक येते, दिव्याखाली धरलं की फिल्मची चौकट न् चौकट दिसते. खिडक्यांमधून जाणारं लांब नाव असेल तर डिकॅल खिडकीवरच चिकटवा, पूर्ण सुकल्यावरच नव्या ब्लेडने खिडकीच्या कडेने कापा, ओली असताना कापलं की फाटते.

हे सगळं एचओत करायला आनंद वाटतो कारण हाताला जागा असते. एनमध्ये डब्याच्या खालच्या कडेवरचा तपशील भिंगाशिवाय वाचता येत नाही. म्हणून म्हणते, चार डब्यांची एचओ गाडी मनापासून केलेली असेल तर ती आठ डब्यांच्या तयार गाडीपेक्षा मला जास्त जवळची वाटते.

सायडिंग

वरचे दोघंही स्केलवर भांडतायत पण मला वाटतं त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी ती म्हणजे तारीख. थेट तारीख, नुसतं "आजची गाडी" नाही.

जुन्या काळात एकेक रेल्वे वीस-वीस वर्षं तोच रंग ठेवायची, म्हणून "साठच्या दशकातली जर्मन एक्सप्रेस" म्हटलं तरी चालून जायचं. खासगी गाड्यांचं तसं नाही हो. बघा ना, हांबुर्ग-क्योल्न-एक्सप्रेस २०१२ साली धावायला लागली आणि २०१७ मध्ये बंद. लोकोमोर डिसेंबर २०१६ मध्ये श्टुटगार्ट ते बर्लिन सुरू झाली आणि मे २०१७ मध्ये दिवाळखोरी, पाच महिनेच! तिचाच मार्ग पुढे फ्लिक्सकडे गेला आणि मार्च २०१८ पासून फ्लिक्सट्रेन हे नाव रुळावर आलं. सुरुवातीच्या फ्लिक्सट्रेनमध्ये भाड्याचे, वेगवेगळ्या जातीचे डबे, आणि २०२० नंतरच्या गाडीत एकसारखे हिरवे. दोन्ही फ्लिक्सट्रेनच, पण एका टेबलावर एकत्र आल्या तर जाणकाराला चुकल्यासारखं वाटणार. आणि पुढची पायरीही ठरलीय, २०२५ मध्ये त्यांनी टाल्गोच्या नव्या गाड्यांची मोठी ऑर्डर जाहीर केली, त्या आल्या की आजचे डबे "जुने" होतील.

वेस्टबानचं तर उदाहरण फारच बोलकं आहे. डिसेंबर २०११ मध्ये व्हिएन्ना-साल्झबुर्ग सुरू झाली, स्टाडलरच्या किस या दुमजली गाड्या घेऊन, सहा डब्यांच्या. २०१९ मध्ये त्यांनी आपल्या सगळ्या १७ किस गाड्या जर्मन रेल्वेला विकल्या आणि स्वतःसाठी नव्या किस घेतल्या. विकलेल्या गाड्यांपैकी पहिल्या मार्च २०२० पासून पांढऱ्या रंगात लाल पट्टा लावून ड्रेस्डेन-बर्लिन-रोस्टॉक मार्गावर इंटरसिटी म्हणून धावू लागल्या. म्हणजे तेच सांगाडे, आधी खासगी, मग सरकारी! मला हे फार भावतं. ज्याच्याकडे जागा आहे त्याने दोन्ही करून शेजारी उभ्या कराव्यात.

म्हणून माझी पद्धत अशी: एकाच गाडीचा, एकाच दिवसाचा, शक्य असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो शोधायचा, आणि त्या दिवशी जे इंजिन होतं, जे डबे ज्या क्रमाने होते तेच करायचं. इंजिन बहुतेक वेळा भाड्याचं असतं. त्याच्या बाजूवर जो बारा आकडी नंबर असतो त्याच्या शेवटी मालकाचं संक्षिप्त नाव येतं, आणि तो मालक भाड्याने देणारी कंपनी असते, गाडी चालवणारी नव्हे. उदाहरणार्थ ईएलएल या इंजिनं भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या जर्मन नंबरच्या व्हेक्ट्रॉनवर "डी-ईएलओसी". इंजिन पूर्ण हिरवं असेलच असंही नाही, साधं पांढरं किंवा भाडेकंपनीच्या रंगातलं हिरव्या डब्यांपुढे लागलेलं असतं, आणि मॉडेलमध्ये हा बेमेळ मला सगळ्यात खरा वाटतो. पेंटोग्राफही (छतावरचे, वरच्या तारेतून वीज घेणारे दांडे) मोजा. फक्त एसीवर चालणाऱ्या व्हेक्ट्रॉनला बहुतेक वेळा दोन, अनेक देशांत फिरणाऱ्याला सहसा चार. चेक प्रजासत्ताकात उत्तरेकडे ३ किलोव्होल्ट डीसी आणि दक्षिणेकडे २५ किलोव्होल्ट एसी, म्हणून प्राग-ब्रनो असं जाणाऱ्या रेजिओजेटपुढचं इंजिन दोन्हीवर चालणारं लागतं.

आणखी एक गाडी सुचवतो, युरोपियन स्लीपर. मे २०२३ मध्ये ब्रसेल्स-बर्लिन सुरू झाली, मार्च २०२४ पासून प्रागपर्यंत जाते. डबे भाड्याचे, बसायचे, कुशेट (साध्या बर्थचे), स्लीपर सगळे मिसळलेले, वेगवेगळ्या रंगांचे आणि वयांचे. ज्याला एअरब्रश चालवायचा नाही त्याच्यासाठी याच्याइतकी सोपी आणि तरीही खरी गाडी दुसरी नाही.

रूळवेडा

वा, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, तिघांचेही मनापासून आभार. ताई, तो गुलाबीचा मुद्दा लगेच वहीत लिहून घेतला.

काल रात्री एक केलं. जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या, तिन्ही स्केलमध्ये डब्याच्या मापाच्या, आणि टेबलावर मांडल्या, १.४ मीटरच्या आत. एचओचे चार डबे मांडले आणि बघत बसलो. खरं सांगतो, गाडी वाटेना, अर्धीच कुणीतरी कापून नेल्यासारखी वाटत होती. एनचे आठ मांडले तेव्हा पहिल्यांदा छातीत काहीतरी हललं. पण मग तीच साडेसोळा सेंमीची पट्टी हातात घेतली आणि यावर मी नाव लावणार, खिडक्या कापणार, हा विचार आला तेव्हा हात मागे आला. माझी नजर पूर्वीसारखी राहिली नाही. टीटीचे सहा मांडले आणि तिथे थांबलो बराच वेळ.

दोन शंका. टीटीत ९० सेंमी रुंदीत किती रेडियस बसेल? आणि डिजिटल नियंत्रणासाठी टीटीच्या इंजिनात जागा पुरते का, मला आवाजही हवाय.

एकशेसाठ

टीटी निवडलं तर मी वाद घालणार नाही, मनातल्या मनात खूश आहे की ३६० च्या एचओवर नाही गेलात. टिलिग या टीटीवाल्या जर्मन कंपनीच्या ट्रॅकमध्ये ३५३ आणि ३९६ मिमी असे रेडियस मिळतात. ३९६ चा पूर्ण वळसा म्हणजे ७९ सेंमी, दोन्ही बाजूंना साडेपाच सेंमी उरतात, डब्याचा बाहेर येणारा कोपरा धरूनही पुरतात. पण कडेला पातळ अॅक्रिलिकची पट्टी उभी करा, टेबलावरून खाली पडलेलं इंजिन परत पूर्वीसारखं होत नाही. एका वळणातून थेट उलट्या वळणात गाडी घालू नका, मध्ये निदान एका डब्याएवढा सरळ तुकडा ठेवा, लांब डबे तिथेच बफरला बफर घासून रुळावरून उतरतात.

डिजिटलचं म्हणाल तर अलीकडच्या टीटी आणि एन इंजिनांत बहुतेक ठिकाणी नेक्स्ट१८ नावाचं सॉकेट असतं, त्यात आवाजाचा डीकोडरही (डिजिटल आज्ञा समजणारी चिप) बसतो, प्रश्न स्पीकरच्या जागेचा असतो. छोटा साखरेच्या खड्याएवढा चौकोनी स्पीकर घ्या. एचओला प्लक्स२२ किंवा २१ पिनांचं सॉकेट असतं आणि आवाज अर्थातच भरदार येतो, तेवढा एक मुद्दा शिट्टीताईंना दिला.

शिट्टी

दिलेला मुद्दा घेतला. टीटीला माझाही विरोध नाही, चेक आणि पूर्व जर्मन भागात टीटी खूप रुजलेलं आहे, त्यामुळे त्या भागातल्या गाड्यांची डिकॅल आणि सुटे भाग टीटीत शोधायला मन लावलं तर मिळतात. सहा डब्यांत रेजिओजेट करत असाल तर सहाही एकाच साच्यातले नका घेऊ. एखाद-दुसरा वेगळ्या खिडक्यांचा येऊ द्या, त्या गाडीचं रूपच तसं आहे. आणि पिवळा रंग सहाही डब्यांना एकाच दिवशी, एकाच कपात कालवून मारा. नंतर कालवलेला कधीच तंतोतंत जुळत नाही.

कपलर (डबे जोडणारे आकडे) जवळचे लावा, टीटीचे नेम ३५८ या ठरलेल्या मापाच्या खोबणीत बसणारे शॉर्ट कपलर मिळतात, डब्यांमधली फट अर्ध्यावर येते आणि गाडी एकसंध दिसते. सायडिंगचं तारखेचं म्हणणं मात्र मनावर घ्याच, मी घेतलं नव्हतं आणि माझ्या गाडीत दोन वेगवेगळ्या वर्षांचे लोगो आहेत, रोज दिसतात मला.

रूळवेडा

ठरलं तर मग. टीटी, ३९६ रेडियस, रेजिओजेट, सहा डबे. फोटो शोधायला बसलो होतो, एक मिळालाय, प्लॅटफॉर्मवर उभी असलेली गाडी, पुढे व्हेक्ट्रॉन, चार पेंटो, मागचा एक वर. डबे मोजता येतात, पण चौथ्या डब्यापुढे खांब आहे आणि त्याच्या खिडक्या अर्ध्याच दिसतात. दुसऱ्या बाजूचा फोटो मिळेपर्यंत चौथा डबा रंगवायचा नाही असं ठरवलंय, बाकीचे पाच सुरू करतो. सायडिंग, त्या गाडीचे दुसऱ्या बाजूचे फोटो तुमच्या संग्रहात असतील तर जरा बघाल का?

सायडिंग

बघतो. तारीख आणि गाडीचा नंबर तेवढा टाका इथे.